चित्र सुरेख, आवाज विहिरीतला : कॅमकॉर्डरच्या स्टिरिओ माइकबद्दल वाचकांचे प्रश्न

कॅमकॉर्डरला वेगळा स्टिरिओ माइक लावावा का, कोणता लावावा, आणि लावल्यावरही आवाज मनासारखा का येत नाही, अशी पत्रे या वेळी बरीच आली. त्यांतली काही थोडक्यात देऊन उत्तरे दिली आहेत. वाचताना कॅमेरा आणि हेडफोन हाताशी असू द्या. निम्म्या गोष्टी मेनू उघडल्यावरच उलगडतील.

प्रश्न : छोट्या सभागृहांत गायन-वादनाचे कार्यक्रम चित्रित करतो. कॅमेऱ्याला माइकसाठी ३.५ मिमीचा जॅक आहे, हेडफोनचाही आहे. अंगच्या माइकचा आवाज लांबून आल्यासारखा आणि खरखरीत वाटतो. फार महागडा नको, पण खेळणेही नको, असा मधल्या फळीतला स्टिरिओ माइक सुचवा.

उत्तर : नावे शेवटी सांगतो, आधी कॅमेऱ्याचा कान तपासू. माइक कितीही चांगला घेतला तरी त्याचा आवाज कॅमेऱ्याच्या आतल्या प्रीअ‍ॅम्पमधूनच, म्हणजे माइकचा क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या भागातूनच जाणार. कॅमकॉर्डर बनवणारे सगळा जीव लेन्सवर ओततात, प्रीअ‍ॅम्प बहुतेक वेळा उरल्यासुरल्या जागेत बसतो. तुम्हाला ऐकू येणारी खरखर माइकची आहे की कॅमेऱ्याची, हे कळल्याशिवाय खरेदीला निघू नका.

ते कळण्याची युक्ती सोपी आहे. ३.५ मिमीची एक सुटी स्टिरिओ पिन घ्या. टोक आणि मागचा भाग यांच्यात एक, मधली कडी आणि मागचा भाग यांच्यात दुसरा, असे २२० ओहमचे दोन रेझिस्टर डाख देऊन जोडा. कॅमेऱ्याला आता असे वाटते की माइक जोडला आहे आणि तो पूर्ण गप्प आहे. ही पिन जॅकमध्ये घाला, आवाजाची पातळी मॅन्युअलवर आणा आणि गेन (आवाज किती वाढवायचा ते) पाव, अर्धा, पाऊण आणि पूर्ण ठेवून प्रत्येकी २० सेकंद रेकॉर्डिंग करा. घरी चांगल्या हेडफोनवर ऐका. ज्या जागी ‘श्श्श’ स्पष्ट ऐकू यायला लागते, ती तुमच्या कॅमेऱ्याची लक्ष्मणरेषा. गेन त्याच्या खाली ठेवता येईल असा, म्हणजे जोरकस आउटपुट देणारा माइक तुम्हाला हवा. कॅमेऱ्यात मॅन्युअल पातळीची सोयच नसेल तर ही चाचणी करता येणार नाही. तशा कॅमेऱ्यावर भारी माइक लावण्यात फारसा अर्थही नाही. त्यापेक्षा वेगळा रेकॉर्डर बरा, त्याबद्दल पुढे आहे.

आता माइकचा तक्ता कसा वाचायचा ते पाहू. फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्सच्या २० ते २०,००० हर्ट्झ या आकड्याने भुलू नका, तो जवळपास सगळेच छापतात. पाहायचा तो ‘सेल्फ नॉइज’, म्हणजे माइकची स्वतःची कुरकुर. ती डेसिबलमध्ये, ए-वेटिंग लावून, म्हणजे माणसाच्या कानाला जसे ऐकू येते त्या हिशेबाने दिलेली असते. काही कंपन्या ती न देता सिग्नल-टू-नॉइज देतात. तो आकडा ९४ मधून वजा करा : ७४ दिला असेल तर सेल्फ नॉइज २० डेसिबल. शांत खोलीची पातळी ३० डेसिबलच्या आसपास असते, म्हणून २० चा माइक गाण्या-वाजवण्याला पुरतो. १६ च्या खाली असेल तर उत्तमच. २६-२८ चा माइक नाटकाच्या टाळ्यांना चालेल, पण हळुवार आलापाच्या मागे त्याची खरखर लपणार नाही.

दुसरा आकडा सेन्सिटिव्हिटीचा. तो उणे चिन्हासह येतो, आणि उणे ३२ हा उणे ४२ पेक्षा १० डेसिबलने जोरकस असतो. इथे बरेच जण उलटे वाचतात. कॅमेऱ्याचा प्रीअ‍ॅम्प जितका खरखरीत, तितका जोरकस माइक हवा. काही माइकांवर +२० डेसिबलचे बटण असते, ते नेमके याच कामाचे. माइकने आवाज २० डेसिबलने चढवून द्यायचा आणि कॅमेऱ्यावर गेन तेवढाच उतरवायचा, म्हणजे प्रीअ‍ॅम्पची खरखरही २० डेसिबलने खाली बसते. बटण दाबून गेन उतरवला नाही तर मात्र हाती काही लागत नाही, उलट आवाज फाटतो. जोरदार तालवाद्ये असतील तिथे हे बटण बंद ठेवा आणि उणे १० किंवा उणे २० चे पॅड, म्हणजे आवाज उतरवणारे बटण वापरा.

बाकी ७५-८० हर्ट्झच्या आसपासचा लो-कट (त्याखालची घुमघुम कापणारी चाळणी), रबराच्या किंवा लवचीक आधारावरची बैठक आणि सहज मिळणारे सेल, एवढे असले की पुरे.

आता नावे. रोड कंपनीचा स्टिरिओ व्हिडिओमाइक प्रो एक्स-वाय जातीचा आहे (एक्स-वाय आणि मिड-साइड या जाती पुढच्या प्रश्नात उलगडतात). ९ व्होल्टचा सेल, ७५ हर्ट्झचा लो-कट, +२० आणि उणे १० दोन्ही बटणे. खरखरीत प्रीअ‍ॅम्पच्या कॅमेऱ्याला आम्ही हाच आधी सुचवू. ऑडिओ-टेक्निकाचा एटी ८०२४ मिड-साइड जातीचा, आणि त्यावर मोनो-स्टिरिओची कळ आहे. आज गाणे आणि उद्या मुलाखत असा ज्यांचा रिवाज, त्यांना तो सोयीचा. सेनहायझरच्या एमकेई ४४० मध्ये दोन छोटे शॉटगन (समोरचेच रोखून ऐकणारे) माइक इंग्रजी ‘व्ही’सारखे बसवले आहेत. समोरचे नीट उचलतो, बाजूचा गोंगाट कमी घेतो, म्हणून गर्दीच्या जागी उपयोगी. कॅमेऱ्याला एक्सएलआरचे, म्हणजे व्यावसायिक माइकांसाठीचे तीन पिनांचे दोन जॅक असतील तर ऑडिओ-टेक्निकाचा एटी ८०२२ पाहा. तो एक्स-वाय आहे आणि साध्या सेलवरही चालतो, फॅन्टमवरही (म्हणजे माइकच्या वायरीतूनच मिळणाऱ्या विजेवर). त्याची माइककडची जोडणी पाच पिनांची असते, म्हणून दोन तोंडांची केबल लागते, ती हरवू नका. तुमच्या वर्णनावरून पहिल्या दोनांपैकी एक घ्या, आणि त्याच दिवशी माइकस्टँड आणि पाच मीटरची वाढीव वायरही घ्या. स्टँडशिवायचा चांगला माइक हे अर्धेच काम.

प्रश्न : एक्स-वाय आणि मिड-साइड यांत फरक काय? काही माइकांवर ९० आणि १२० अशी कळ असते. ती कुठे ठेवावी?

उत्तर : एक्स-वायमध्ये दोन कार्डिऑइड (समोरचे जास्त, मागचे कमी ऐकणाऱ्या) कॅप्सूल एकावर एक, तोंडे फाकवून बसवलेली असतात. दोघांची जागा जवळजवळ एकच, त्यामुळे आवाज दोन्हींकडे एकाच वेळी पोचतो. डावे-उजवे कळते ते केवळ जोराच्या फरकावरून. मिड-साइडमध्ये एक कॅप्सूल थेट समोर पाहते, दुसरी आडवी, इंग्रजी आठच्या आकड्यासारखी डावी-उजवीकडे ऐकणारी. दोन्हींची बेरीज केली की डावा चॅनेल, वजाबाकी केली की उजवा. ही जुनी कल्पना आहे. ॲलन ब्लूमलाइन यांनी स्टिरिओच्या पेटंटचा अर्ज १९३१ मध्ये केला, त्यात या बेरीज-वजाबाकीचा पाया आहे.

मिड-साइडचा खरा फायदा मोनोत कळतो. डावा आणि उजवा एकत्र केले की बाजूची कॅप्सूल स्वतःलाच खोडून जाते आणि समोरची कॅप्सूल शुद्ध उरते. तुमचे चित्रण शेवटी कुणीतरी मोबाइलच्या एकाच स्पीकरवर पाहणार, हे लक्षात घेतले तर ही साधी गोष्ट नाही. एक्स-वायही मोनोत चांगला टिकतो. जी बिघडते ती लांब-लांब ठेवलेल्या दोन माइकांची जोडी : एकाकडे आवाज आधी, दुसऱ्याकडे नंतर, आणि दोन्ही मिसळले की पिंपात बोलल्यासारखे ऐकू येते. म्हणून कॅमकॉर्डरसाठी एकाच दांड्यातला स्टिरिओ माइक योग्य.

कळीबाबत उलटा गैरसमज फार आहे. ९० म्हणजे समोरचा ९० अंशांचा तुकडा तेवढा ऐकणार, असे नाही. कोन जितका मोठा, तितका समोरचा छोटा तुकडा दोन स्पीकरांत पसरून ऐकू येतो. तीन-चार कलाकार अरुंद मंचावर बसले असतील आणि माइक काहीसा मागे असेल तर १२० ठेवा, नाहीतर सगळे मध्ये गोळा झाल्यासारखे वाटतात. वीस जणांचा समूह माइकच्या अगदी पुढे अर्धगोलात उभा असेल तर ९० पुरे. १२० वर सभागृहाचा घुमारा जास्त येतो आणि मधला कलाकार थोडा मागे सरकतो. घुमणाऱ्या सभागृहात शंका आली की ९०.

प्रश्न : चांगला स्टिरिओ माइक कॅमेऱ्यावर लावला, तरी पाच मीटरवरच्या वक्त्याचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो. माइक खराब निघाला का?

उत्तर : माइकचा दोष नाही. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की थेट आवाज ६ डेसिबलने उतरतो, पण खोलीचा घुमारा जवळजवळ तेवढाच राहतो. वक्त्यापासून अर्ध्या मीटरवरून पाच मीटरवर गेलात की थेट आवाज २० डेसिबलने खाली. उरते ती विहीर. कॅमेऱ्याने झूम केले म्हणून माइक पुढे सरकत नाही, एवढे मनाशी पक्के केले की निम्मे प्रश्न सुटतात.

बोलणाऱ्या एका माणसाला स्टिरिओ लागतही नाही. कॉलरला लावायचा मोनो माइक छातीवर, हनुवटीखाली २० सेंमीवर लावा. सभागृहाचे वातावरणही हवे असेल तर दोन मोनो पिनांचे जोडण घेऊन डाव्या चॅनेलवर कॉलर माइक आणि उजव्यावर कॅमेऱ्याजवळचा साधा मोनो माइक असे घेता येते. एडिटिंगमध्ये दोन्ही मध्यभागी आणून हवे त्या प्रमाणात मिसळायचे. हे न करता तसेच दिलेत तर प्रेक्षकाला वक्ता एका कानात आणि खोकला दुसऱ्या कानात ऐकू येईल.

प्रश्न : एक्सएलआरचा मोनो हातमाइक साध्या तयार केबलने कॅमेऱ्याच्या ३.५ मिमी जॅकला जोडला. हेडफोनवर आवाज येत होता, जरा विचित्र, पण मोठा. घरी मोबाइलवर लावले तर निवेदकाचा आवाज जवळजवळ गायब! फाइल खराब झाली का?

उत्तर : फाइल शाबूत आहे, केबल चुकीची आहे. हा दोष इतका नेहमीचा आहे की थोडे सविस्तर सांगतो.

एक्सएलआरला तीन पिना : १ म्हणजे जमीन, २ वर सरळ सिग्नल, ३ वर त्याचाच उलटा. ३.५ मिमीच्या स्टिरिओ पिनेलाही तीनच भाग : टोक म्हणजे डावा चॅनेल, कडी म्हणजे उजवा, मागचा भाग जमीन. तीनाला तीन जुळतात असे समजून कुणीतरी २ टोकाला आणि ३ कडीला जोडते. झाले, डावीकडे सरळ आवाज आणि उजवीकडे त्याची उलटी प्रत. हेडफोनवर दोन कानांत दोन प्रती जातात म्हणून ऐकू येते, पण आवाज डोक्याच्या मध्ये न बसता कुठेतरी मागे, पोकळ वाटतो. तुम्हाला जे ‘विचित्र’ वाटले ते हेच. मोबाइलच्या एका स्पीकरवर डावा अधिक उजवा अशी बेरीज होते, आणि अधिक एक उणे एक म्हणजे शून्य. बाजूच्या गोंगाटाचा, घुमाऱ्याचाही त्याच माइकातून आलेला भाग तसाच खोडला जातो, म्हणून नुसती अस्पष्ट कुजबुज उरते. काही कंडेन्सर माइकांत ३ नंबरवर सिग्नलच नसतो, तिथे या केबलने फक्त डावीकडे आवाज येतो.

झालेले रेकॉर्डिंग वाचवायला दोन क्लिक पुरतात. एडिटिंगमध्ये उजवा चॅनेल टाकून द्या आणि डावा दोन्हीकडे वापरा. किंवा उजव्याला ‘इन्व्हर्ट’ करा आणि मग मोनो करा, खरखर थोडी कमी येईल.

केबल मात्र बदला. योग्य जोडणी अशी : २ नंबर टोक आणि कडी दोन्हींना, १ आणि ३ एकत्र मागच्या भागाला. कॅमेऱ्याच्या जॅकवर प्लग-इन पॉवर म्हणून साधारण २ ते ५ व्होल्ट असतात, ते डायनॅमिक माइकच्या कॉइलमधून जाऊ नयेत म्हणून मेनूत ती बंद होत असेल तर बंद करा, नसेल तर आत कपॅसिटर किंवा ट्रान्सफॉर्मर असलेला अडॅप्टर घ्या. आणि एक : ४८ व्होल्टची फॅन्टम पॉवर ३.५ मिमीच्या जॅकमधून मिळत नाही. प्लग-इन पॉवरवर स्टुडिओचा फॅन्टम माइक चालेल या आशेने कुणी पैसे घालवू नयेत.

प्रश्न : गायिका थांबली की दोन सेकंदांत मागची खरखर फुगत वर येते आणि ती गायला लागली की एकदम बसते. समुद्राच्या लाटेसारखे ऐकू येते.

उत्तर : ऑटो गेन. कॅमेरा शांतता ऐकून घाबरतो आणि गेन चढवतो, मग आवाज आला की घाईने उतरवतो. भाषणाला हे एक वेळ चालते, गाण्याचा मात्र जीव जातो, कारण हळू आणि जोरकस यांतला फरकच सपाट होतो. मेनूत ‘माइक लेव्हल’ किंवा ‘ऑडिओ रेकॉर्ड लेव्हल’ या नावाखाली मॅन्युअल शोधा. कार्यक्रमाआधी सर्वांत जोरकस तुकडा वाजवायला सांगा आणि मीटरची उडी उणे १२ डेसिबलपर्यंतच जाईल असा गेन ठेवा. प्रत्यक्ष कार्यक्रमात कलाकार तालमीपेक्षा हमखास ५-६ डेसिबल जोरात असतात, ती जागा त्यासाठी. शून्याला टेकलेला डिजिटल आवाज फाटतो आणि तो नंतर शिवता येत नाही. एकदा लावलेला गेन मध्येच फिरवू नका.

काही कॅमेऱ्यांत मॅन्युअल केल्यावरही ‘लिमिटर’, म्हणजे आवाज ठरावीक पातळीवर अडवणारा भाग, वेगळा चालू राहतो. तो असू द्या, अपघातापुरता बरा असतो.

प्रश्न : सभागृहात माइक नेमका कुठे ठेवावा? मी कॅमेरा मागच्या रांगेत, सुमारे १५ मीटरवर लावतो. माइक कॅमेऱ्यावरच असतो.

उत्तर : तो तिथून उतरवा. तीन कारणे. मघाशी सांगितलेले अंतर, हे पहिले. दुसरे, कॅमेरा डावीकडे वळवला की माइकही वळतो आणि स्टिरिओचे चित्र घसरते : मंचावरचे वाद्य जागचे हलत नाही, पण ऐकणाऱ्याला ते उजवीकडे पळाल्यासारखे वाटते. तिसरे कारण फार जणांच्या लक्षात येत नाही. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. १५ मीटर यायला त्याला जवळजवळ ४४ मिलिसेकंद लागतात, आणि सेकंदाला २५ फ्रेमच्या चित्रणात एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. म्हणजे झूम करून टिपलेली थाप दिसते आणि तिचा आवाज एक फ्रेम उशिरा येतो. एका फ्रेमने फारसे बिघडत नाही, पण ३० मीटरवर दोन फ्रेम होतात आणि तालवाद्यावर ते खटकते.

सुरुवात अशी करा. चार-पाच कलाकार असतील तर त्यांच्या पुढे २ ते ३ मीटरवर, मध्यरेषेत स्टँड. उंची २ ते अडीच मीटर, माइक खाली झुकवून मागच्या ओळीच्या डोक्यांकडे रोखलेला. उंच ठेवण्याचे कारण : खाली ठेवला तर पुढचे लोक मागच्यांना झाकतात आणि माइकला फक्त पहिली ओळ ऐकू येते. हेडफोन लावून ऐका. घुमारा जास्त वाटला तर अर्धा मीटर पुढे घ्या, एखादे वाद्य डोक्यावर बसले तर मागे. स्टँड दोन वेळा हलवला तर पुढे एडिटिंगमधले दोन तास वाचतात. माइकची डावी बाजू कलाकारांच्या बाजूने नव्हे, प्रेक्षकाच्या बाजूने धरायची. मंचाच्या तुमच्या डाव्या टोकाला एकाला टाळी वाजवायला सांगा, मीटरचा डावा खांब उडाला पाहिजे. माइक दांडीवर उलटा टांगला असेल तर डावे-उजवे बदलते, हे विसरले की सगळी मैफल आरशात ऐकू येते.

राहिला वायरीचा प्रश्न. ३.५ मिमीची वायर अनबॅलन्स्ड असते, म्हणजे तिच्यात गोंगाट खोडायला मदत करणारी उलटी प्रत नसते. पाच मीटरपर्यंत ती साथ देते, १५-२० मीटरवर भुणभुण पकडते. विजेची वायर शेजारून समांतर जात असेल तर लवकरच पकडते. तिला ओलांडायचेच झाले तर काटकोनात ओलांडा. लांब जायचे तर एक्सएलआरची बॅलन्स्ड वायर, नाहीतर माइकजवळच रेकॉर्डर.

प्रश्न : मग स्टिरिओ माइक घेण्याऐवजी सरळ हातात मावणारा स्टिरिओ रेकॉर्डर घेऊन नंतर आवाज जोडला तर?

उत्तर : कॅमेरा मंचापासून लांब असेल किंवा त्यात मॅन्युअल गेन नसेल तर आम्ही तेच करा म्हणू. अशा रेकॉर्डरांवर बहुधा एक्स-वाय माइक असतातच. रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट ठेवा. ४४.१ वर ठेवले तर व्हिडिओच्या ४८ शी जुळवताना उगाच रूपांतर करावे लागते. सुरुवातीला आणि शेवटी कॅमेऱ्याला दिसेल अशी एक-एक टाळी घ्या, आणि कॅमेऱ्याचा स्वतःचा माइक चालूच ठेवा, एडिटिंगच्या पडद्यावर आवाजाच्या लाटांशी लाटा जुळवायला तो लागतो.

शेवटची टाळी का, तर दोन यंत्रांची घड्याळे तंतोतंत सारखी नसतात. दोघांत दहा लाखांत वीसचा फरक असला तरी तासाला ७२ मिलिसेकंद, म्हणजे २५ च्या हिशेबाने जवळजवळ दोन फ्रेमचे अंतर पडते. सुरुवातीला जुळलेले ओठ तासाभराने सुटतात. दोन टाळ्यांमधले अंतर दोन्ही फाइलींत मोजा आणि आवाजाची लांबी तेवढ्याच प्रमाणात ताणा किंवा आवळा. किंवा त्याहून सोपे, दोन गाण्यांमधल्या शांततेत कापून प्रत्येक तुकडा वेगळा जुळवा.

प्रश्न : बाहेर चित्रण करताना माइकवर फोम होता, तरी वाऱ्याचे ‘फडफड, धडधड’ आले.

उत्तर : फोम तोंडच्या फुंकरीसाठी असतो, वाऱ्यासाठी नाही. मोकळ्यावर लांब केसांचे कव्हर लागते. केस वाऱ्याला कॅप्सूलपासून लांबच थोपवतात. ते बहुधा फोमवर चढवायचे असते, पण काही मॉडेलांत फोम काढून, हे डब्यावरचे चित्र पाहून ठरवा. केस भिजून चिकटले की ते कव्हर निकामी, वाळवून विंचरा. सोबत लो-कट चालू करा, आणि तो माइकवरचा असू द्या. प्रीअ‍ॅम्प एकदा वाऱ्याच्या दणक्याने फाटला की एडिटिंगमधला लो-कट त्याला दुरुस्त करू शकत नाही.

प्रश्न : रेकॉर्डिंगमध्ये मध्येच ‘टर्र्र-टक्-टक्’ येते. शिवाय सभागृहाच्या मिक्सरमधून वायर घेतली की सतत ‘घूं’.

उत्तर : दोन वेगळे रोग. ‘टर्र्र’ जवळच्या मोबाइलचा. जुन्या २जी जाळ्यावर फोन सेकंदाला सुमारे २१७ वेळा रेडिओचा झटका देतो आणि अनबॅलन्स्ड वायर त्याची अँटेना बनते. खिशातला फोन विमान-मोडवर टाका किंवा दोन मीटर लांब ठेवा. फोन नसताना नुसते टक्-टक् आले तर लेन्सच्या फोकस मोटरचा संशय घ्या. फोकस मॅन्युअल करून पाहा, थांबले तर चोर सापडला.

‘घूं’ म्हणजे मिक्सर आणि कॅमेऱ्याचा चार्जर यांच्यात तयार झालेला जमिनीचा फेरा. चार्जर काढून कॅमेरा बॅटरीवर चालवा, बहुतेक वेळा तिथेच संपते. नाहीतर मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. मिक्सरच्या प्लगची अर्थिंगची पिन तोडण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, त्यात जीव जाऊ शकतो. आणि मिक्सरचे आउटपुट लाइन पातळीचे, सव्वा व्होल्टच्या घरातले असते, माइकचा जॅक मात्र काही मिलिव्होल्टांचा धनी. मध्ये ४० डेसिबलचा अ‍ॅटेन्युएटर नसेल तर गेन शून्यावर आणूनही आवाज फाटलेलाच येईल.

प्रश्न : मेनूत डॉल्बी डिजिटल आणि लिनिअर पीसीएम असे दोन पर्याय आहेत.

उत्तर : गाण्याला पीसीएम, कारण त्यात आवाज न दाबता साठवला जातो, डॉल्बीत दाबून. फाइल थोडी मोठी होते, बाकी तोटा नाही.

प्रश्न : सोनीचा ईसीएम-एमएस ९०७ वापरलेला मिळतो आहे. घ्यावा का? काय तपासावे?

उत्तर : जुना पण कामाचा माइक आहे. मिड-साइड, ९० आणि १२० ची कळ, एक पेन्सिल सेल. आउटपुट फार जोरकस नाही, म्हणून तुमच्या कॅमेऱ्याचा प्रीअ‍ॅम्प शांत असेल तरच.

जाताना नवा सेल, कॅमेरा आणि हेडफोन घेऊन जा. आधी सेलचा कप्पा उघडा. स्प्रिंगवर हिरवट-पांढरी बुरशी असेल तर सेल गळून गेला आहे. वरवरची असेल तर पुसली जाते, पण खालची पट्टी खाल्ली असेल तर सोडून द्या. मग वायर पिनेपाशी आणि माइकपाशी हळूच वाकवत ऐका. ‘कर्र’ आले किंवा एक बाजू गेली तर वायर आतून तुटली आहे. पिन जॅकमध्ये फिरवून तसेच. कधी दोष तुमच्या कॅमेऱ्याच्या सैल जॅकचा असतो, म्हणून दुसरी पिन लावूनही पाहा.

नंतर माइक हातात स्थिर धरून समोर अर्ध्या मीटरवर मध्यभागी कुणाला तरी एक ते दहा आकडे बोलायला सांगा. दोन्ही मीटर एक-दोन डेसिबलच्या फरकाने सारखे असावेत. त्याने डावीकडून उजवीकडे अर्धवर्तुळात चालावे. आवाजही तसाच सरकत जायला हवा. तो न सरकता मध्यभागीच अडकून राहिला तर आडवी कॅप्सूल गेली आहे. मोनोत असा माइक बिनतक्रार वाटतो, फसगत इथेच होते. ९०-१२० ची कळ फिरवताना रुंदी बदलली पाहिजे. शेवटी माइक चादरीत गुंडाळून शांत खोलीत गेन वाढवून ऐका. एकसारखी ‘श्श्श’ चालेल. मध्येच फुटणारे, लाह्यांसारखे तडतड आवाज म्हणजे कॅप्सूलला ओल लागली आहे. सिलिका जेलच्या डब्यात दोन दिवस ठेवून कधी कधी ती जाते, पण विकणाऱ्याने ते दोन दिवस स्वतः ठेवून दाखवावे आणि मग पैसे घ्यावेत. आणि माइक चालतो का हे पाहायला कुणी जाळीवर फुंकर मारत असेल, तर त्याच्याकडून माइक घेऊच नका.